एक मासा परत करताना

समुद्रावर जायची कल्पना माझी नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं म्हणणं इतकंच होतं, की मुलगा, सून आणि दोन नातवंडं एवढ्या लांबून आठवडाभरासाठी येणार, तर त्यांना आमच्या दोन खोल्यांत कोंबण्यापेक्षा कुठेतरी मोकळ्या हवेत न्यावं. त्यात ‘समुद्र’ आमच्या हिने घातला, ‘भाड्याचा फ्लॅट’ मुलाने घातला, आणि ‘मासेमारीची सहल’ कोणी घातली हे कबूल करायला आजतागायत कोणी तयार नाही. एखादी गोष्ट फिसकटली, की आमच्या घरातल्या कल्पना अशाच पोरक्या होतात.

माझा स्वतःचा हेतू वेगळा होता. माझी नात सहा वर्षांची आहे आणि ती मला आजोबा म्हणत नाही. ‘बाबांचे बाबा’ म्हणते. तेही मला नाही, माझ्याबद्दल इतरांना. “आई, बाबांच्या बाबांना सांग ना, त्यांचा पाय माझ्या किल्ल्यावर आहे.” आता नात्याच्या हिशेबाने यात काही चूक काढता येत नाही. अडचण अशी, की आजोबा ही जागा आधीच भरलेली आहे. सूनबाईंचे वडील त्यांच्याच शहरात, पलीकडच्या गल्लीत राहतात. ते तिला रोज शाळेत सोडतात, सायकलची चेन बसवतात, आणि सत्तरी उलटल्यावरही पोहतात. व्याह्यांबद्दल माझ्या मनात काही नाही. पण सत्तरी उलटलेल्या माणसाने पोहू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

हिला मात्र पहिल्याच संध्याकाळी ‘आजी’ मिळालं. वेणी घालता येण्याचे फायदे. मी नोकरीत वजनमापे निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो, की दुकानादुकानातले तराजू सरळ उभे राहायचे. त्या माणसाकडे सहा वर्षांची मुलगी वळूनही बघत नव्हती. नातवाचं तसं काही नव्हतं. तो दहा वर्षांचा आहे आणि मोबाइलमधून मान वर न काढता सगळ्या जगाला सारख्याच प्रेमाने ‘ओके’ म्हणतो.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मासेमारीच्या लाँचवर जायचं ठरलं. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ उतरले होते. ते दरवर्षी इथे येतात आणि प्रत्येक वाक्य “अनुभवाने सांगतो” असं सुरू करतात, म्हणून आम्ही त्यांना ‘अनुभवी’ म्हणायचो. ते गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून उभे असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला देत.

“अनुभवाने सांगतो, लाँचवर जाताना पोट रिकामं नको. गच्च खाऊन जा. जड पोट जागचं हलत नाही.”

मी गच्च खाल्लं. आणि जड पोट जागचं हललं. नुसतं हललं नाही, लाँचने धक्का सोडून पुरतं वळणही घेतलं नव्हतं तेव्हापासून ते निघायच्या तयारीत होतं. माझ्या हातात गळाची काठी दिलेली होती. एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून मी समुद्राला माझा नाश्ता परत करत होतो. नातवाने आयुष्यात पहिल्यांदा मान वर काढली, ती माझा व्हिडिओ काढायला. सिग्नल मिळताच त्याने तो व्याह्यांना पाठवला. व्याह्यांचं उत्तर आलं, “काळजी घ्या. आलं चघळा.” बोटीवर आलं कुठून आणणार, हे एवढ्या पोहणाऱ्या माणसाला सुचू नये.

आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या गळाला मासा लागला. मला पत्ताच नव्हता. होडीवाल्याने येऊन माझ्या हातातली काठी घेतली, तळहाताएवढा एक चंदेरी मासा वर काढला, गळातून सोडवला आणि पाण्याच्या बादलीत टाकला. त्या दिवशी लाँचवर बारापंधरा माणसं गळ टाकून बसली होती. कोणालाही काही मिळालं नाही. मिळाला तो मला, न बघता, पाठमोरा असताना. माणसं माझ्या पाठीवर थापा मारत होती. अशा अवस्थेत पाठीवर थाप मारू नये, हे लोकांना कोणी सांगत का नाही?

हे सगळं होत असताना नात आईच्या मांडीवर झोपली होती. तिने मासा पाहिला तो धक्क्यावर उतरल्यानंतर. बादलीत डोकावली आणि बराच वेळ डोकं वर काढेना.

“हा कोणी पकडला?” तिने आईला विचारलं.

“बाबांच्या बाबांनी,” सूनबाई कौतुकाने म्हणाल्या. बिचाऱ्या मला मदतच करत होत्या.

“का?”

नातीने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि ते असं, की मला वाटलं तिने पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. “हे पिल्लू आहे,” ती म्हणाली. “ह्याची आई ह्याला शोधत असेल.” आणि तिने जे भोकाड पसरलं, त्याने धक्क्यावरची कुत्रीसुद्धा उठून बसली.

म्हणजे बघा. ज्या सुट्टीत मी आजोबा व्हायला निघालो होतो, त्या सुट्टीत मी पोरं पळवणारा झालो.

मुलगा म्हणाला, “अगं, सोडू या ना त्याला इथेच. समुद्र सगळा एकच असतो.”

“इथे त्याचं कोण आहे?” ती हुंदके देत म्हणाली. “त्याचं घर तिथे आहे. जिथे ह्यांनी पकडलं तिथे.”

आणि मी, ज्याला अजून नीट उभंही राहता येत नव्हतं, तो पुढे होऊन म्हणालो, “मी पोचवतो त्याला त्याच्या घरी. उद्याच्या लाँचने. शब्द देतो.” हिने कपाळाला हात लावला. माझ्या शब्दाची हिला जुनी ओळख आहे.

मासा फ्लॅटवर आला. न्हाणीघरात कपडे भिजवायचा मोठा टब होता, त्यात त्याची सोय केली. तीन मजले चढताना बादलीतलं निम्मं पाणी जिन्यात सांडलं होतं, त्यामुळे टबात मासा जेमतेम बुडत होता. नात टबाशेजारी पाट मांडून बसली. कोणालाही आत जायची परवानगी नव्हती. आत जायची निकड असलेल्यांनी अनुभवींच्या फ्लॅटवर जायचं ठरलं, आणि तिथे प्रत्येकाला जाताना एक आणि येताना एक असा सल्ला मिळायचा.

पाणी वाढवायला हवं होतं. पुन्हा समुद्रावर कोण जाणार? तेव्हा माझ्यातला निरीक्षक जागा झाला. समुद्राच्या पाण्यात एका लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. नळाचं पाणी होतं, स्वयंपाकघरात मिठाचा पुडा होता, आणि मापात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. मी समुद्र तयार केला. प्रमाण अगदी बरोबर होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण माशाला माझी छाती दिसत नव्हती. तो टबात जरा फिरला, थबकला आणि एका कुशीवर कलंडला.

“मेलं!” नात किंचाळली.

“अनुभवाने सांगतो,” अनुभवी कधी आत आले होते कोण जाणे, “नळाच्या पाण्यात औषध असतं. माशाला ते सोसत नाही. आणि पाण्यात हवा खेळती पाहिजे. मगाने वरून धार धरा.”

मग काय, मुलगा आणि मी दोन बादल्या घेऊन समुद्राकडे धावलो. तीन मजले खाली, तीन मजले वर. परत खाली, परत वर. इमारतीचा रखवालदार प्रत्येक फेरीला जिना पुसायचा आणि आमच्याकडे बघायचा. शेवटी त्याला राहवलं नाही. “साहेब, लोक इथे समुद्र बघायला येतात. तुम्ही तो वर का नेताय?”

टबातलं पाणी बदललं. सूनबाईंनी मगाने उंचावरून धार धरली. मग हिने धरली, मग मी, मग मुलाने. पाळ्या लागल्या. मासा हळूहळू सरळ झाला. नात त्याच्याशी बोलत होती. ‘उद्या घरी जायचंय हं, रडायचं नाही,’ असं काहीतरी. माझ्या पाळीला ती एकदा म्हणाली, “अजून उंचावरून.” ती माझ्याशी बोलली म्हणून मला एवढा आनंद झाला, की मी धार इतकी उंच नेली, की निम्मं पाणी माझ्या बाहीत गेलं. रात्रीच्या जेवणात मीठ नव्हतं, कारण मीठ सगळं माझ्या समुद्रात गेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना अनुभवी कठड्याशी उभेच होते. “अनुभवाने सांगतो, ही गोळी घेऊन जा. उलटीची बिशाद नाही.”

“काल का नाही दिलीत?”

“काल तुम्ही कुठे विचारलंत?”

मी एक मागितली, दोन घेतल्या.

धक्क्याच्या फाटकावर खाकी शर्टातला एक माणूस स्टुलावर बसला होता. त्याने बादलीवरचं ओलं फडकं उचललं. “हे काय?”

“मासा.”

“ते दिसतंय. कुठे चालवलाय?”

“समुद्रात.”

त्याने फडकं परत टाकलं. “मासे या फाटकातून आत येतात. बाहेर न्यायची सोय नाही.”

मी त्याला समजावून सांगितलं. पहिल्यापासून. पिल्लू, त्याची आई, माझा शब्द. तो ऐकत राहिला आणि मग त्याने अत्यंत सहानुभूतीने विचारलं, “खराब निघाला का?”

शेवटी त्याने आम्हाला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब टेबलावर पंखा दुरुस्त करत बसले होते. ते म्हणाले, जिवंत मासा लाँचवर न्यायचा तर तो कुठल्या जातीचा, कुठून आणला, रोगी आहे का, हे सगळं तपासावं लागेल आणि तपासणारा माणूस सोमवारी येतो. आमची मंडळी शनिवारी परत जाणार होती. मी नोकरीत असताना लोकांना ‘सोमवारी या’ असं कितीतरी वेळा सांगितलं असेल. समोरच्या खुर्चीवर बसून ते ऐकताना कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

“मात्र,” साहेब पंख्याचं पातं फिरवून बघत म्हणाले, “गळाला लावायला आमिष म्हणून नेत असाल, तर काही हरकत नाही. आमिषाला कोण विचारतं?”

मी आजवर खोटं माप चालू दिलं नव्हतं. एकदा तर एका दुकानदाराच्या रडणाऱ्या आईसमोर त्याचा तराजू जप्त केला होता. पण शेजारी नात दोन्ही हातांनी बादलीची कडी धरून उभी होती. “हो,” मी म्हणालो, “आमिष आहे.”

“आमिष म्हणजे?” नातीने आईला विचारलं.

“म्हणजे… खास पाहुणा,” सूनबाई म्हणाल्या. सूनबाईंवर माझा लोभ आहे तो उगाच नाही.

लाँच निघाली. आणि आता मी जे सांगणार आहे, त्यावर हिचा अजूनही विश्वास बसत नाही, जरी ही तिथे हजर होती. मला काहीच झालं नाही. लाटा येत होत्या, लाँच वर जात होती, खाली जात होती आणि मी कठड्याशी उभा राहून गार वारा खात होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला समुद्र आवडला. “आज कसे तजेलदार दिसताय!” ही म्हणाली. मला वाटलं, व्याह्यांना आत्ता कोणीतरी व्हिडिओ पाठवावा.

होडीवाल्याने मासेमारीच्या जागी इंजिन बंद केलं. मी बादली उचलली. “चल बाळा, आलं पिल्लूचं घर.”

नात माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. “नाही आलं,” ती म्हणाली.

“अगं, हीच जागा. होडीवाल्या काकांना विचार.”

“नाही. दादाच्या व्हिडिओत आहे. ह्यांना उलटी झाली, तिथे पिल्लू सापडलं. अजून ह्यांना उलटी झालेली नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधी हसलो. मग मला कळलं, की ती गंमत करत नाही. तिच्या दृष्टीने अथांग समुद्रात त्या माशाच्या घराची एकच खूण होती आणि ती खूण मी होतो.

“बाबा,” मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, “काहीतरी करा.”

मी कठड्यावर वाकलो आणि आवाज काढला. चांगला मोठा काढला. नात माझ्या शेजारी आली, टाचा उंचावून तिने खाली पाण्यात पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. “खोटी आहे,” ती म्हणाली. आमच्या खात्यात तिला डोळे मिटून घेतलं असतं.

मी इंजिनाजवळ जाऊन डिझेलचा वास घेतला. छान वाटला. मी गोल गोल फिरलो. तेही छान वाटलं. मी आदल्या रात्रीचं अळणी जेवण आठवलं, व्याह्यांना पोहताना डोळ्यांसमोर आणलं. पोट शांत. अनुभवींच्या गोळ्या त्यांच्या सल्ल्यांपेक्षा कितीतरी पक्क्या होत्या. लोक गळ आवरायला लागले, होडीवाला घड्याळ बघायला लागला, आणि बादलीतला मासा पुन्हा कलता व्हायला लागला. नातीच्या ते लक्षात आलं. ती रडत नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच राग नव्हता. भरवसा होता. इतका भरवसा माझ्यावर कोणी ठेवला असेल असं मला आठवत नाही, आणि मला उलटी होत नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात पलीकडे बसलेल्या एका जाडजूड माणसाने बादलीत हात घातला. “आमिष आणलंय म्हणे तुम्ही. माझं संपलं. घेतो हं.” त्याने माशाला शेपटीला धरून वर काढलंसुद्धा. नातीने किंकाळी फोडली. मी त्या माणसावर झेप घेतली. ‘झेप’ हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, पण हिने पाहिलंय. मासा माझ्या हातात आला, परत बादलीत पडला, आणि मी तोल जाऊन तोंडावर आपटलो तो त्या माणसाच्या आमिषाच्या डब्यावर. डबा उघडा होता. आत कालची का परवाची, उन्हात मुरलेली कोळंबी होती. तो खराखुरा वास नाकातून थेट पोटात गेला आणि गोळ्या हरल्या.

मी कसाबसा कठड्यापर्यंत पोचलो.

“आलं!” नात नाचायला लागली. “आलं, आलं! पिल्लूचं घर आलं!”

मुलाने बादली उचलून कठड्याबाहेर तिरकी केली. नातीने पाण्याला हात जोडून काहीतरी सांगितलं, बहुधा माशाच्या आईला. मासा क्षणभर तिथेच थांबला आणि मग गेला. लाँचवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माशासाठी होत्या की माझ्यासाठी, हे मला बघता आलं नाही, कारण माझं अजून चालू होतं. मी वाकलेला असताना माझ्या पाठीवर एक छोटा हात आला आणि हळूहळू फिरायला लागला. तिच्या तापात तिची आई फिरवते तसा. मी मुद्दाम जरा जास्त वेळ वाकून राहिलो.

शनिवारी मंडळी निघाली. गाडी दाराशी लागली होती. मुलगा आणि सूनबाई बॅगा चढवत होते, अनुभवी वरून बॅगा कशा चढवाव्यात ते सांगत होते. नात पायरीवर बसून व्याह्यांशी फोनवर बोलत होती, स्पीकर लावून.

“आजोबा, आम्ही पिल्लूला त्याच्या घरी पोचवलं.”

“अरे वा! कोणी, बाबांनी?”

“नाही. आजोबांनी.”

“कुठल्या आजोबांनी गं? मी तर इथे आहे.”

“तुम्ही नाही हो,” नात म्हणाली. “तुम्ही शाळेत सोडणारे आजोबा. मी उलटीवाल्या आजोबांचं सांगतेय.”

वरच्या गॅलरीतून अनुभवी खोखो हसले. रखवालदार तोंड फिरवून उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते. हिने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं बाजारात मान ताठ ठेवून फिरलेला मी माणूस, आणि पुढे तिच्या लग्नात, तिच्या सासरच्यांसमोरसुद्धा, मी याच नावाने ओळखला जाणार हे मला तिथल्या तिथे स्वच्छ दिसलं. माझे डोळे भरून आले. त्याचं कारण मी हिलाही सांगितलं नाही. त्या दिवसापर्यंत आजोबा म्हटलं, की व्याही एकटेच होते. आता त्यांनाही कुठले ते सांगावं लागत होतं.

गाडी सुटली. वळणावर नातीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, “उलटीवाले आजोबाऽऽ!”

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून तितक्याच मोठ्याने ओ दिली.